चेटकिणीचा बिल्ला

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला 'इंग्लंडमधले अनुभव' असा विषय दिलेला आहे. मी दोन वर्षं तिथल्या एका नगरपालिकेच्या बालसंरक्षण विभागात नोकरी केली, तेव्हा मी त्या कामाबद्दल बोलेन अशी तुमची अपेक्षा असणार. ते मी उद्याच्या गटचर्चेत सांगेन. आज मला एका चालण्याबद्दल बोलायचं आहे.

आधी हा बिल्ला बघा. हातोहात फिरवा, पण परत द्या, कारण तो मी विकत घेतलेला आहे. आकार शवपेटीचा आहे. इंग्लंडच्या ईशान्येला नॉर्थ यॉर्क मूर्स नावाचा मोठा उजाड माळ आहे. तो माळ चोवीस तासांच्या आत आडवा पार करायचा, चाळीस मैल, म्हणजे चौसष्ट किलोमीटर. कुणी चालत जातं, कुणी पळत. या वाटेला लाइक वेक वॉक म्हणतात. बिल काउली नावाच्या शेतकऱ्याने ऑगस्ट १९५५ मध्ये 'डेल्समन' या मासिकात लेख लिहून हे आव्हान दिलं आणि ऑक्टोबरमध्ये काही सोबत्यांबरोबर स्वतः ते पुरं केलं. लाइक म्हणजे प्रेत आणि वेक म्हणजे प्रेताजवळची जागरणाची रात्र. त्या भागात मयताच्या रात्री म्हणायचं एक फार जुनं गाणं आहे, त्यावरून हे नाव पडलं. म्हणून तिथे सगळी थट्टा मरणाची. वाट पुरी केलीत की क्लब तुमचं अभिनंदन करत नाही, तुम्हाला सांत्वनाचं कार्ड पाठवतो! तो जुना क्लब २००५ साली, पन्नास वर्षं झाल्यावर बंद झाला. पण त्याच सुमारास नव्या मंडळींनी नवा क्लब काढून प्रथा चालू ठेवली.

वाट पुरी करणाऱ्या पुरुषाला तिथे 'डर्जर' म्हणतात, म्हणजे मयताचं गाणं म्हणणारा. आणि बाईला म्हणतात 'विच'. विच म्हणजे चेटकीण. आपल्या नंदुरबारच्या भाषेत, डाकीण.

आता सभागृह शांत झालं. मीही अशीच गप्प झाले होते. ऑफिसातल्या मैत्रिणींनी मला पहिल्यांदा सांगितलं, "चल, तुला विच करून आणतो," तेव्हा त्या हसत होत्या आणि माझ्या पोटात गोळा आला होता. तो का आला, ते आधी सांगते.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर मी सात वर्षं सातपुड्यात काम केलं. २०१८ सालची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस. सकाळी मी ऑफिसचं कुलूप काढायला गेले तर पायरीवर एक बाई बसलेली. वय चाळीसच्या आसपास. पायात काही नाही, तळवे फुटलेले, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं. नवरा दोन वर्षांपूर्वी वारलेला. वनहक्क कायद्याखाली मिळालेला जमिनीचा तुकडा ती एकटी कसत होती. पाड्यावर दोन मुलं तापाने गेली, भगताने नाव काढलं, ते हिचं. नाव काढण्याआधी दीर भगताकडे जाऊन आला होता, हे पाड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. रात्री पंच बसणार हे कळल्यावर ती मागच्या बाजूने निघाली आणि रात्रभर डोंगर उतरून तालुक्याला आली. रस्त्याने तीस किलोमीटर. ती रस्त्याने आलीच नव्हती.

मी काय केलं असेल? पाणी दिलं, चहा दिला आणि पहिला प्रश्न विचारला, "अगं, रात्रीची एकटी कशी आलीस? भीती नाही वाटली?"

ती म्हणाली, "भीती घरात होती."

पुढचं थोडक्यात सांगते. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झालेला होता. डाकीण ठरवून छळणाऱ्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, हे मला तोंडपाठ होतं. पोलीस ठाण्यात आम्ही गेलो. तिथे तिला समजुतीने घ्यायला सांगितलं गेलं आणि शेवटी आमच्यासमोर कागदावर तडजोड झाली. दिराने लिहून दिलं की त्रास देणार नाही. तिने अंगठा दिला. त्या कागदाखाली साक्षीदार म्हणून माझीही सही आहे. महिन्याभरात ती भावाकडे निघून गेली आणि जमीन दिराने पेरली. फाइलवर शेरा पडला, 'प्रकरण मिटले'. तो शेरा माझ्या हातचा आहे.

हे ओझं घेऊन मी २०२२ साली इंग्लंडला गेले. आता तुम्हाला कळेल की विच हा शब्द मला का हसू आणत नव्हता.

तरी मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर सहा महिने ऑफिसात मला कुणी नीट ओळखत नव्हतं, आणि या बायकांनी बोलावलं होतं. आम्ही सात जणी. त्यात त्रेसष्ट वर्षांची एक निवृत्त नर्स, आमच्या ऑफिसची रिसेप्शनिस्ट, दोघी पळणाऱ्या, बाकी माझ्यासारख्या. मार्चपासून दर रविवारी सराव. मी लहानपणी शाळेला रोज चार किलोमीटर चालले, पण ते कुणी मोजलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या पायांसाठी चांगले बूट घेतले. त्या मयताच्या गाण्यातही बुटांची गोष्ट आहे. ज्याने जिवंतपणी कुणाला पायताण दिलं असेल त्याला मेल्यावर काटेरी माळ ओलांडताना पायताण मिळतं. नसेल दिलं तर काटे हाडापर्यंत टोचतात. हे ऐकून मला आपल्याकडचं बाराव्या-तेराव्याचं दान आठवलं, छत्री आणि चपला. इतक्या दूर तीच कल्पना! आणि दोन्हीकडे चपला मेल्यावरच्या प्रवासासाठी. जिवंत बाईच्या अनवाणी पायांचं काय, हे दोन्हीकडे कुणी विचारत नाही.

२१ जून २०२४. शुक्रवार. दुपारी आईचा फोन. "आज वटपौर्णिमा. बायका वडाला फेऱ्या मारतायत, आणि तू कुठे फिरायला निघालीस?" म्हटलं, "आई, चाळीस मैलांत सावलीला झाड मिळायचं नाही, वड कुठून आणू?" रात्री अकराला ऑस्मदर्ली गावाजवळून आम्ही पाच जणी निघालो. पळणाऱ्या दोघी पहाटे चारला निघणार होत्या.

माळ म्हणजे काय, ते सांगते. आपल्याकडच्या माळासारखं कोरडं गवत नाही. हीदर नावाचं गुडघ्याएवढं चिवट झुडूप मैलोन्‌मैल पसरलेलं आणि त्याखाली पीटची काळी, पाणी धरून ठेवणारी माती. पाय पडला तर घोट्यापर्यंत आत. हा उजाडपणा निसर्गाचा नाही. हजारो वर्षांपूर्वी माणसांनीच जंगल तोडलं, मग मेंढ्या चारल्या, आणि पुढे श्रीमंतांच्या शिकारीसाठी ग्राऊस पक्षी पोसायला हीदर जाळत-वाढवत ठेवलं. जमीन बहुतेक खाजगी मालकीची. पण २००० साली कायदा झाला आणि अशा माळांवर पायी फिरायचा हक्क सगळ्यांना मिळाला. ग्राऊस दचकून उडाला की त्याचं ओरडणं 'गो बॅक, गो बॅक' असं ऐकू येतं. रात्री एक वाजता, दिव्याच्या गोल उजेडात, कुणीतरी कानाशी ओरडतंय 'परत जा, परत जा'. मी मनात म्हटलं, हे मी जन्मापासून ऐकत आलेय.

पहिल्या अकरा मैलांत नुसते चढ-उतार. साडेचारच्या सुमारास क्ले बँकला डांबरी रस्ता आडवा येतो. तिथे रिसेप्शनिस्टचा नवरा गाडी घेऊन उभा होता. थर्मासमध्ये चहा, कोरडे मोजे. मग उरा मूरचा चढ, या सगळ्या माळाचं सर्वांत उंच ठिकाण, ४५४ मीटर. पुढे रोझडेलच्या जुन्या लोखंडाच्या खाणींची रेल्वे होती, १८६१ ते १९२९ पर्यंत चाललेली. रूळ गेले, सपाट पट्टी राहिली. पायांना सुख. नेमकी तिथेच माझी पाळी आली, चार दिवस आधी. आडोशाला झुडूपसुद्धा नाही. चौघी माझ्याभोवती पाठ करून उभ्या राहिल्या आणि त्रेसष्ट वर्षांच्या नर्सबाईंनी पिशवीतून पॅड काढलं. "मला लागत नाही, पण कुणाला तरी लागतंच," म्हणाल्या.

सकाळी नऊला ब्लेकीला, अर्ध्या वाटेवर, पळणाऱ्या दोघींनी आम्हाला गाठलं. दोन घास खाऊन त्या पुढे गेल्यासुद्धा. त्यांच्याकडून कळलेली एक गोष्ट सांगते. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली आणि बायका दमतात म्हणून ती १९६० पर्यंत बंद ठेवली. आणि जानेवारी २०१९ मध्ये जास्मिन पॅरिस या बाईने पेनाइन वे वरची २६८ मैलांची हिवाळी शर्यत ८३ तासांत, सगळ्या पुरुषांच्या पुढे राहून जिंकली. घरी तान्ही मुलगी होती म्हणून वाटेतल्या थांब्यांवर ती अंगावरचं दूध काढत होती.

ब्लेकीनंतर रस्त्याकडेला एक पांढरा रंगवलेला ठेंगणा दगड आहे, 'फॅट बेटी', म्हणजे जाडी बेटी. तिच्यापुढे काहीतरी खाऊ ठेवायचा आणि आधीच्या कुणी ठेवलेला उचलायचा. मी शेंगदाण्याची चिक्की ठेवली, चॉकलेट उचललं. शेंदूर तेवढा नव्हता.

शेवटचे आठ मैल मी कसे चालले ते मला नीट आठवत नाही. दोन्ही टाचांना फोड. शेवटाजवळचा उंच मनोरा दिसायला लागतो आणि तासन्‌तास तेवढ्याच अंतरावर राहतो. जगर हाव नावाची खोल घळ आली तेव्हा मी खाली बसले आणि म्हटलं, मी इथेच राहते. नर्सबाई शेजारी बसल्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्यांना सातपुड्यातल्या त्या बाईची गोष्ट सांगितली. इंग्लंडमध्ये मी ती पहिल्यांदाच सांगत होते. त्यांनी पूर्ण ऐकली. मग म्हणाल्या, "तिच्यासाठी गाडी घेऊन कुठे कोण उभं होतं?"

मी उठले. साडेआठला, म्हणजे साडेएकवीस तासांनी, आम्ही रेव्हन्सकारला समुद्राच्या वर पोचलो. सांत्वनाचं कार्ड आलं, त्यावर माझं नाव होतं. मी अधिकृत विच झाले.

आता मुद्दा. इंग्लंडमध्ये हा शब्द थट्टेचा कसा झाला? तिथेही बायका मारल्या गेल्या. ऑगस्ट १६१२ मध्ये लँकेस्टरला चेटकाच्या आरोपावरून दहा जणांना एका दिवशी फाशी दिलं, त्यात आठ बायका होत्या. चेटकाचा गुन्हा कायद्यातून गेला १७३६ साली. शब्दातलं विष उतरायला त्यानंतरही पिढ्या गेल्या. आणि म्हणून तिथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. मार्च २०२१ मध्ये लंडनमध्ये घरी चालत निघालेल्या एका तरुणीचा, नोकरीत असलेल्या पोलिसानेच खून केला. आमच्या पळणाऱ्या दोघींपैकी एकही अंधारात एकटी पळत नाही. रात्री बाहेर पडलेल्या बाईलाच जाब विचारायची सवय दोन्हीकडे आहे. मीही पायरीवर तेच विचारलं होतं.

पण मी त्या माळावरून हसत-रडत पार झाले ते धाडसामुळे नाही. धाडस त्या बाईकडे माझ्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. माझ्याकडे बूट होते. त्या जमिनीवर चालायचा हक्क होता. चार जणी बरोबर होत्या. आणि क्ले बँक, ब्लेकी, हेमर, एलर बेक, अशा चार ठिकाणी कुणीतरी चहा घेऊन उभं होतं. तिच्या वाटेवर पहिला चहा मिळाला तो तीस किलोमीटर संपल्यावर, तोही आधी प्रश्न विचारणाऱ्या बाईच्या हातून. कायदा आपण करून घेतला, तो हवाच होता. पण कायदा पोलीस ठाण्यात असतो आणि पाडा डोंगरावर असतो. मधल्या वाटेवर कोण उभं आहे?

परत आल्यावर मी तिला भेटायला गेले. ती आता भावाच्या गावी राहते, हंगामात ऊसतोडीला जाते. मी सहीबद्दल माफी मागितली. ती काही बोलली नाही. मग मी बिल्ला दाखवला, सगळं सांगितलं. तिने विचारलं, "एवढं चालल्याचे पैसे किती दिले?" म्हटलं, "मीच खर्च केला." ती तोंडाला पदर लावून हसली. "मग ते तुला डाकीण नाही, वेडी म्हणत असतील." मी निघताना ती म्हणाली, "जमिनीचं काय करता येईल?" सात वर्षांनी तिने विचारलं होतं. वनहक्काचा दाखला तिच्या नावावर आहे. तो हक्क वारसाला जातो, दुसऱ्या कुणाला विकता वा देता येत नाही. तडजोडीच्या कागदाने तो दिराचा होत नाही, हे मला तेव्हाही माहीत असायला हवं होतं. आता तिचा अर्ज आम्ही दिला आहे. निकाल लागेल तेव्हा सांगेन.

दुसरं काम तुमच्याकडे घेऊन आले आहे. तिच्या पाड्यापासून तालुक्यापर्यंतच्या वाटेवर आम्ही आठ पाडे मोजले. प्रत्येक पाड्यावर एक घर हवं, जिथे रात्री कुठल्याही वेळी आलेल्या बाईला दार उघडेल, पाणी मिळेल, पायात घालायला चपला मिळतील, आणि पुढच्या घराला फोन जाईल. तिथे कुणी तिला 'एकटी कशी आलीस' असं विचारायचं नाही. आजवर पाच घरं मिळाली आहेत, त्यातली दोन पूर्वी डाकीण ठरवलेल्या बायकांची आहेत. तीन घरं हवीत, आणि ज्यांना महिन्यातून दोन दिवस देता येतील अशा कार्यकर्त्या हव्यात. चहाच्या सुट्टीत मी दाराजवळच्या टेबलाशी वही घेऊन बसते.

आणि बिल्ला आता कुणाकडे आहे?