गर्दीचे आवाज कोण देणार?

मुलुंडच्या सभागृहात बँकेतून निवृत्त झालेले किती, असं विचारलं तर निम्मे हात वर होतील. म्हणून सुरुवात तुमच्याच खात्यापासून.

८ सप्टेंबर १९८३ रोजी बँक व्यवस्थापनं आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. त्याआधी संगणकाला कडवा विरोध होता. करारानं यंत्र थांबलं नाही. पण यंत्रं किती येणार, कुठे बसणार, चालवणाऱ्याला भत्ता काय, हे समोरासमोर बसून ठरलं. नोकरीत असलेल्यांच्या नोकऱ्या बहुतांशी टिकल्या. आटली ती पुढची कारकुनी भरती, आणि तेही हळूहळू.

या हिशेबात एक गोष्ट मात्र कुणी धरली नाही. लेजर हातानं लिहायचं, रात्री बॅलन्सिंग जुळेना म्हणून किरकोळ रकमेपायी सगळी शाखा ताटकळायची. काम रटाळ खरंच. पण कुठला व्यापारी अडचणीत आलाय, कोणाचा चेक परत जाणार, हे त्या पानांवरून नव्या कारकुनाला उमगू लागायचं. उद्याचा मॅनेजर तिथे तयार होत असे.

आता अंधेरीला चला, तिथेही शिकण्याची अशीच एक जागा आहे. वर्सोव्याकडच्या गल्ल्यांत डबिंगचे स्टुडिओ आहेत. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट, समोर पडदा, कानाला हेडफोन, आणि ओठांशी शब्द जुळेस्तोवर तेच वाक्य पुन्हा पुन्हा. नवखा मुलगा इथे एकदम नायकाचा आवाज होत नाही. त्याच्या वाट्याला आधी ‘क्राउड’ येतं: बाजारातला गलका, लग्नघरची कुजबुज, ‘पळा, पळा’. एका माइकभोवती पाच-सहा जण. शेजारचा मुरलेला कलाकार श्वास कुठे घेतो, शेवटचं अक्षर कसं गिळतो, हे पोरगं तिथे उभ्या उभ्या उचलतं. पैसे थोडे, चहा भरपूर.

एआय सगळ्यात आधी हेच काम खाणार, असं माझं मत आहे. गर्दीतला आवाज कोणाचा, हे कोण विचारतो? गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या साधनांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये अंतरिम संरक्षण दिलं. आदेश मोलाचा आहे, पण तो ज्याच्या आवाजाला नाव आहे त्याच्या बाजूनं उभा राहतो. क्राउडमधल्या पोरानं कोर्टात जाऊन सांगायचं काय? ‘पळा, पळा’ मी ओरडलो होतो?

यंत्र माणसासारखं शिकतं का, हा प्रश्नही उपनगराला नवा नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६० साली सुरू झाला. तो घडवणाऱ्या गटाचे प्रमुख आर. नरसिंहन. त्याच संस्थेतल्या एका केंद्रातून १९८५ साली जुहूचं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र उभं राहिलं आणि ज्ञानाधारित प्रणालींवर काम करू लागलं. नरसिंहन यांनी कणभौतिकीच्या छायाचित्रांतल्या रेषा यंत्राला कशा ओळखता येतील, यावर काम केलं होतं. आणि मग हा संगणकाचा माणूस वळला कुठे, तर मूल बोलायला कसं शिकतं, या अभ्यासाकडे! मला या वळणाचं फार अप्रूप वाटतं. आजची प्रणाली बोलायला शिकते ती मजकुराचे डोंगर उपसून. मुलाला त्याचा अंशही लागत नाही. ते चार माणसांत बसतं, चुकतं, कोणीतरी टोकतं, हसतं, की ते पुन्हा बोलतं. क्राउडच्या माइकभोवती दुसरं काय घडतं?

म्हणून आवाज-कलाकारांनी करारात फक्त संमती आणि मोबदला मागू नये. आवाज कुठल्या भाषेत, किती वर्षं वापरणार, हे लिहून घ्यावंच. शिवाय दर चित्रपटात काही क्राउड माणसांकडूनच करून घेण्याची अट घालावी. निर्माते म्हणतील, हा फुकटचा खर्च. १९८३ साली भत्त्याबद्दलही कोणी तसं म्हणालं असेल. त्या वाटाघाटींच्या टेबलावर बसलेलं कोणी इथे असेल, तर पहिला प्रश्न त्यांचा. माइक त्यांच्याकडे द्या.