पटावर नाव, वावरात पोर

(लोणार येथील शेतकरी बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपली बैठक म्हटली की विषय ठरलेले असतात. कापसाचा भाव, विजेचे बिल, बँकेची नोटीस. आजचा विषय त्या यादीत सहसा येत नाही. आज शाळेतल्या हजेरीबद्दल बोलायचे आहे. कुणी म्हणेल, हे तर मास्तरांचे काम, शेतकऱ्यांच्या बैठकीत कशाला? माझे एवढेच म्हणणे आहे की शेवटपर्यंत ऐका आणि मग तुम्हीच ठरवा, हा शेतीच्या हिशेबातला विषय आहे की नाही.

लोणार तालुक्यातल्या कोणत्याही गावात जा आणि विचारा, पोर शाळेत आहे का? उत्तर मिळते, "आहे ना भाऊ, नाव घातलं हाये." नाव घातले हे खरे. शाळेच्या पटावर आज जवळजवळ प्रत्येक पोराचे नाव आहे. पण दिवाळीनंतर कापूस फुटला की सकाळी अकरा वाजता शिवारातून एक चक्कर मारून या. कमरेला फडके बांधून आईच्या बाजूच्या तासात दहा-बारा वर्षांचे पोर बोंडे वेचताना दिसेल. त्याच वेळी शाळेत मास्तर त्याचे नाव पुकारत असतात. पटावर नाव आणि वावरात पोर, हे आपल्या भागाचे चित्र आहे.

आईबापाला विचारले तर तो सरळ सांगतो, "चार दिवसांनी काय होते? कापूस झाडावर राह्यला अन् आभाळ आलं तं सालभराची मेहनत मातीत जाते." त्याचे चूक आहे असे मी म्हणत नाही. फुटलेला कापूस थांबत नाही. मजूर वेळेवर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. पण "चार दिवस" हा जो हिशेब आहे तो आपण कधी पुरा मांडतच नाही. आज मांडू.

सोयीसाठी वर्षाला शाळेचे २०० दिवस धरा. कायद्यात पहिली ते पाचवीसाठी तेवढेच आहेत. सहावी ते आठवीला २२० आहेत. आता खाडे मोजा. शाळा उघडतात तेव्हाच सरकी टोबायची घाई असते, त्यात ४ दिवस गेले. निंदणात ६ गेले. सोयाबीन, ज्वारी सोंगताना ५ गेले. वेचणीला आठवड्याचे २ दिवस धरले आणि वेचणी १० आठवडे चालली, तर २० गेले. बाजार, लग्न, यात्रा, घरी आलेले पाव्हणे, यांत १० गेले. तापखोकल्यात ५ गेले. बेरीज ५० होते. २०० पैकी ५० म्हणजे चौथा हिस्सा. आठ वर्षे असेच चालले तर दोन वर्षे गेली. पोर आठवीत बसलेले दिसते, पण त्याचे शिक्षण सहाच वर्षांचे झालेले असते. हे चार-चार दिवस जमून दोन वर्षे होतात आणि घरात कुणाला पत्ता लागत नाही.

पत्ता न लागण्याचे आणखी एक कारण आहे. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात आठवीपर्यंत कुणाला नापास करायचे नाही असे होते. पोर दरवर्षी वर चढत गेले, आईबाप समाधानी राहिले. तूट उघडी पडली ती थेट नववी-दहावीत, म्हणजे भरून काढायची वेळ गेल्यावर. २०२३ साली महाराष्ट्राने नियम बदलले आणि पाचवी व आठवीच्या शेवटी परीक्षा पास होण्याची अट आली. म्हणजे आता खाडा पाचवीतच समोर येणार आहे. चांगले आहे. जेवढे लवकर दिसेल तेवढे बरे.

आता खाडा म्हणजे काय ते आपल्याइतके कुणाला कळते? कपाशीच्या तासात नांगे पडले तर आपण काय करतो? आठ-दहा दिवसांच्या आत नवे बी टोबतो. महिनाभराने टोबले तर बी उगवते, नाही असे नाही. पण आजूबाजूची झाडे वर गेलेली असतात, त्यांच्या सावलीत ते दबते आणि त्याला बोंड धरत नाही. शाळेत अगदी तसेच आहे. चौथीच्या पोराने भागाकाराच्या आठवड्यात खाडा केला तर पुढे अपूर्णांक येतो तेव्हा त्याला काही कळत नाही. अपूर्णांक कळला नाही तर टक्केवारी कळत नाही. मग ते मागच्या बाकावर जाऊन बसते. घरी येऊन म्हणते, "मले शाळा नाही आवडत." आपण म्हणतो, याच्या डोक्यातच नाही. डोक्यात होते, भावांनो. नांगा वेळेवर भरला गेला नाही.

कुणी म्हणते, शेतकऱ्याला शिक्षणाची किंमतच कळत नाही. हा आरोप खोटा आहे. उत्तरेतल्या बिहार, राजस्थान, उत्तर प्रदेशासारख्या राज्यांत खेडोपाडी फिरून केलेली एक मोठी पाहणी १९९९ साली 'प्रोब' या नावाने प्रसिद्ध झाली. त्यात १०० पैकी ९८ पालकांनी मुलाला शिकवले पाहिजे असे सांगितले आणि ८९ पालकांनी मुलीलाही शिकवले पाहिजे असे सांगितले. तेव्हा आस आहे. अडते ते रोजच्या सकाळी. आज वावरात चार हात कमी आहेत, पोराला पाठवू की ठेवू? हा प्रश्न रोज सकाळी प्रत्येक कोरडवाहू घरात उभा राहतो आणि बहुतेक वेळा वावर जिंकते.

हा प्रश्न नवा नाही. १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणासाठी हंटर आयोग नेमला. त्याच्यासमोर महात्मा जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. शेतकऱ्याच्या घामातून सरकारचा महसूल येतो आणि शिक्षण मात्र वरच्या वर्गाला मिळते, हे त्यांनी स्पष्ट मांडले. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा असे सांगितले. आणि हेही सांगितले की कुणब्याचे पोर शाळेत येत नाही ते दारिद्र्यामुळे, कारण घरच्यांना ते गुरे राखायला आणि शेताकडे बघायला लागते. म्हणून नुसत्या शाळा वाढवून भागणार नाही, अशा पोरांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्या. जोतीरावांनी आईबापाला दोष दिला नाही, त्याची अडचण ओळखली.

पुढे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून बडोद्याच्या गादीवर दत्तक गेलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानात नेला. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. जो पालक पोराला शाळेत पाठवणार नाही त्याला दरमहा १ रुपया दंड ठेवला. त्या काळचा एक रुपया म्हणजे गरिबाला चांगलाच झोंबणारा. आपल्या वऱ्हाडात पापळच्या शेतकरी घरात जन्मलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि शाळा कुणब्याच्या गावापर्यंत आली. गाडगेबाबा कीर्तनातून एकच सांगत फिरले की घरातले ताट मोडा, भाकरी हातावर घेऊन खा, पण पोराला शिकवा.

स्वतंत्र देशाच्या सरकारने पोरे शाळेत टिकावीत म्हणून काय केले तेही पाहू. १९९२ साली महाराष्ट्रात गरीब घरच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलींना पहिली ते चौथीपर्यंत हजेरीच्या दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. कापसाचा भाव बदलला, खताचा बदलला, मजुरी बदलली. तो रुपया पुढची तीस वर्षे रुपयाच राहिला. १९९५ साली शाळेत धान्य आले. ८० टक्के हजेरी असेल त्या पोराला महिन्याला ३ किलो. ज्वारी पिकवणाऱ्या गावात तांदूळ वाटला गेला, त्यावर वेगळे भाषण होईल. पुढे २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले जेवण द्या असा आदेश दिला, तेव्हा खिचडी आली. खिचडीने पोर दुपारपर्यंत शाळेत थांबते हे मान्य करायला हवे. पण फुटलेल्या कापसापुढे खिचडीही कमी पडते.

आता तुमच्या मनातला प्रश्न. शिकून नोकरी कुठे लागते? डिग्री घेतलेली पोरे पारावर बसलेली आहेत. बरोबर आहे. पण मी नोकरीसाठी बोलतच नाही. शेतीसाठी बोलतो. समजा २० क्विंटल कापूस घेऊन तुम्ही काट्यावर गेलात. क्विंटलमागे २ किलोची कपात गुपचूप लावली गेली. ४० किलो गेले. भाव ७ हजार धरला तर २८०० रुपये गेले. आता वेचणीचा दर किलोला १० रुपये धरा, पोर दिवसाला १० किलो वेचते असे धरा. २० दिवस शाळा बुडवून त्याने घराचे २ हजार वाचवले. जे पोर काटापट्टी वाचू शकते आणि तिथल्या तिथे हिशेब मांडून "दादा, हे चाळीस किलो कुठं गेले?" असे विचारू शकते, ते एका खेपेत त्याहून जास्त वाचवते.

पैशाचे सोडा, जिवाचे बोलू. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपली माणसे मेली. औषधाच्या डब्यावर विषाची खूण असते. लाल सर्वांत जहाल, मग पिवळी, मग निळी, मग हिरवी. खाली बारीक अक्षरात किती पाण्यात किती औषध ते लिहिलेले असते. ती बारीक अक्षरे वाचणारे घरात कुणी तरी पाहिजे की नाही? सातबारा, पीकविम्याचा अर्ज, बँकेचा कागद, सगळे तसेच. वाचता न येणाऱ्याची लूट करायला हत्यार लागत नाही.

मग करायचे काय? पाच गोष्टी सांगतो.

पहिली. वेचणी रविवारी आणि सुटीच्या दिवशी लावा, गावात इर्जिक करून एकमेकांच्या वावरात मोठ्या माणसांनी जा. २०१६ च्या बालकामगार कायद्याप्रमाणे चौदा वर्षांखालच्या पोराला दुसऱ्याच्या वावरात मजुरीला लावता येत नाही. आपल्या घरच्या कामाला हातभार लावता येतो, तोही शाळा सुटल्यावर आणि सुटीत.

दुसरी. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळायला घरी ठेवू नका. धाकटे तीन वर्षांचे झाले की अंगणवाडीत घाला. धाकट्याच्या अंगणवाडीमुळे थोरलीची शाळा वाचते. पाचवीच्या पुढे शाळा दुसऱ्या गावाला असेल तर ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाने. तो काढून घ्या.

तिसरी. स्वतःला वाचता येत नसेल तरी चालेल. रोज संध्याकाळी पोराची वही उघडून बघा. आजच्या दिवसाचे पान लिहिलेले आहे की कोरे आहे, एवढे तर अडाणी आईलाही दिसते. ज्याच्या घरी वही बघितली जाते ते पोर शाळा चुकवत नाही. आणि खाडा झालाच तर त्याच आठवड्यात मास्तरांना भेटून बुडालेला धडा भरून घ्या. नांगा आठ दिवसांत भरायचा, हे लक्षात ठेवा.

चौथी. जे भाऊ दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात, त्यांनी पोराला आजीआजोबांजवळ ठेवता येते का बघावे. अशा पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. निघण्याच्या आधी मुख्याध्यापकांकडे मागणी करा. पोर बरोबर न्यावेच लागले तर शिक्षण हमी पत्रक मागून घ्या आणि जिथे जाल तिथल्या शाळेत बसवा. दाखला नाही म्हणून शाळेला नाही म्हणता येत नाही. मधेच सुटलेल्या पोरालाही त्याच्या वयाच्या वर्गात घेऊन वेगळे शिकवण्याची तरतूद कायद्यात आहे.

पाचवी आणि महत्त्वाची. प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात चारातले तीन सभासद पालक असतात आणि समितीत निम्म्या बाया असाव्या लागतात. म्हणजे शाळा कायद्याने तुमच्या हातात आहे. आपण सह्या करून उठून येतो. ते बंद करा. मास्तरांनी वेळेवर यायचे, आणि पालकांची सभा घेऊन पोराच्या हजेरीची व प्रगतीची माहिती द्यायची, हे त्यांचे कायद्याने ठरलेले कर्तव्य आहे. पोराची हजेरी विचारा, मास्तरांचीही विचारा. पण आपले पोर वावरात आणि आपण मास्तरांची हजेरी विचारतो, असे झाले तर आपल्या बोलण्याला वजन राहत नाही.

सरकारकडून जे येणे आहे ते आपण भांडून घेऊ. भाव मिळाला तर मजूर लावता येईल आणि पोर शाळेत राहील, हेही ठणकावून सांगू. पण भाव मिळेपर्यंत पोराचे वय थांबत नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि खेड्यातली पहिली ते चौथी १ डिसेंबर २०२१ ला उघडली. त्या पावणेदोन वर्षांत आपली पोरे किती मागे गेली ते तुम्ही घरात पाहिले आहे. ती महामारी होती, कुणाचा इलाज नव्हता. दर वर्षीच्या पन्नास खाड्यांना मात्र इलाज आहे आणि तो आपल्या हातात आहे.

प्रत्येक गावाने एकच काम घेऊन जावे. पुढच्या बैठकीला येताना आपल्या गावच्या शाळेतून वेचणीच्या महिन्यांची हजेरी लिहून आणा. किती पोरे पटावर, किती वर्गात. पोरांची नावे नकोत, आकडे आणा. कापसाचा उतारा जसा आपण एकमेकांना सांगतो, तसा हाही उतारा इथे मोठ्याने वाचू. ज्या गावाचा कमी असेल त्याला हसायचे नाही. त्या गावात जाऊन बसायचे आणि अडचण काय आहे ती सोडवायची.