अल्प भांडवल, दृढ निश्चय



‘भांडवल नाही, धंदा कसा काढावा?’ हा प्रश्न गावोगावी ऐकू येतो. मुंबईत गिरगावच्या सात गृहिणींनी १५ मार्च १९५९ रोजी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी अवघी चार पाकिटे झाली. देणगी घ्यावयाची नाही, दर्जा सोडावयाचा नाही, हा त्यांचा निर्धार होता. तीच आज हजारो भगिनींची ‘लिज्जत’ संस्था होय.

सरपंच, शिक्षक व अधिकारी यांना माझी विनंती आहे. कर्जाचा अर्ज देण्यापूर्वी तरुणाला विचारा, ‘तुझा माल कोण घेणार?’ गिऱ्हाईक नसताना काढलेल्या कर्जापायी आईचे दागिने गहाण पडतात. प्रथम थोडा माल विकावा, खर्चाची वही ठेवावी. मागणी दिसताच त्यास जिल्हा उद्योग केंद्राची वाट आपण दाखवावी.