गुडघ्याच्या संधिवाताचे सोबती विकार



मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान महामार्गावर वसलेल्या ह्या वडनेर भोलजीत भोवतालच्या खेड्यांतून दवाखाने चालविणारी आपण मंडळी जमलात आणि अध्यक्षपदाचा मान मला दिलात, ह्याबद्दल मी ऋणी आहे.

साठीच्या घरातील स्त्री, जिचे उमेदीचे दिवस निंदणीत उकिडवे बसण्यात गेले, ती चौकटीचा आधार घेत आत येते आणि ‘गुडघ्यातलं वंगण संपलं, डाक्टरसाहेब’ एवढीच कैफियत मांडते; आपणही सांध्याची करकर पाहून वेदनाशामक गोळी लिहितो, आणि तिचा रक्तदाब, तिची साखर, तिची झोप ह्यांची विचारपूस त्या भेटीत राहूनच जाते. अशा रुग्णांची संख्या थोडी नाही. संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा ह्यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघर केलेल्या पाहणीत ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांस सांधे-स्नायूंची व्यथा आढळली. कष्टाने सांधे शाबूत राहतात ही आपली जुनी समजूत खेड्यातील त्या तपशिलापुढे टिकत नाही.

गुडघा दुखू लागला की चालणे आटते, चालणे आटले की वजन, साखर आणि रक्तदाब चढू लागतात, आणि वाढलेले वजन पुन्हा त्याच गुडघ्यावर येऊन बसते. शिवाय शेजारपाजार, बाजार आणि शेगावची वारी ही सारी सुटल्याने मनास जी खिन्नता येते, तिची नोंद आपल्या दफ्तरात कोठेच नसते. चालणे खुंटलेल्या अशा रुग्णांत हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक असतात, असे इंग्लंडमधील पाहणीतून २०११ साली पुढे आले.

तथापि मला सर्वाधिक चिंता वाटते ती मूत्रपिंडांची. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, विशेषतः जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, त्यांच्या विकाराची तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. आणि अशा मुलखात, रक्तदाबाचे औषध व लघवी वाढविणारी गोळी आधीच चालू असलेल्या वृद्धेस आपण डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी महिनोन्‌महिने देत राहिलो, तर त्या तिहेरी माऱ्याने तिची मूत्रपिंडे अकस्मात निकामी होऊ शकतात. तीच वेदनाशामक गोळी रक्तदाब चढविते आणि जठरात रक्तस्राव घडविते. बाजारात मिळणाऱ्या निनावी पुड्यांचा प्रकार ह्याहून वाईट, कारण त्यांत लपविलेले स्टेरॉईड आढळते. दुखणे आठवड्यात थांबते, साखर मात्र भडकते आणि हाडे ठिसूळ होतात. ह्या पुड्यांबाबत आपण गप्प राहतो, हे मला अक्षम्य वाटते.

उपाय महागडे नाहीत. खुर्चीवर बसून पाय सरळ उचलून धरण्याचा व्यायाम मांडीचे स्नायू बळकट करतो. वजन एक किलोने उतरले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. आणि डायक्लोफिनॅकचा लेप गोळीच्या मानाने रक्तात फारच थोडा उतरतो. शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर आटोक्यात आणलेली साखर जखमेत पू होण्याचा धोका कमी करते.

म्हणून ह्या संमेलनापुढे मी ठराव मांडतो की, गुडघेदुखीच्या प्रत्येक रुग्णाचा रक्तदाब, वजन, साखर आणि रक्तातील क्रिएटिनिन ह्यांची नोंद, चालू औषधांच्या यादीसह, एकाच कागदावर करून तो कागद रुग्णापाशीच ठेवावा. ही नोंद झाल्यावाचून आठवड्याहून अधिक मुदतीची वेदनाशामक गोळी कोणीही लिहू नये. आणि ह्याची अंमलबजावणी येत्या सोमवारपासून व्हावी.