वरून हिरवे, आतून विरळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी उपग्रहाच्या चित्रांवर काम करते असे सांगितले की, "आमचे घर दिसते का हो त्यात?" हा प्रश्न ठरलेला! ज्या चित्रांविषयी मी आज बोलणार आहे, त्यांत घर काही दिसायचे नाही. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद असा चौकोन. आपले सभागृह, अंगण आणि शेजारचे घर एवढे सारे एका ठिपक्यात मावेल.

मग ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉन अरण्यात कुणी मोजकीच झाडे तोडली, तर ती कळावी कशी?

सगळे रान साफ करून कुरण केले, तर ते शाळकरी मुलालाही चित्रात ओळखता येईल. लाकूडवाला तसे करीत नाही. महोगनीसारखी मोलाची झाडे हेरून तेवढीच तो पाडतो. ऐकायला किती समंजसपणाचे वाटते! पण तिथली झाडे जाडजूड वेलींनी एकमेकांत गुंतलेली असतात. एक कोसळले की शेजारच्यांना ओढीत खाली येते. शिवाय ओंडके ओढण्याच्या वाटा, ते रचायची मोकळी जागा, ट्रकचा रस्ता. आणि एवढे होऊन दोन-तीन वर्षांत वर पुन्हा हिरवे छत धरते. त्या काळच्या सरकारी मोजणीत फक्त सफाचट झालेली जमीन धरीत; हे रान आपले 'जंगल'च राहिले.

यावर शास्त्रज्ञांनी काढलेली तोड मला फार आवडते. सुगरण चिमूटभर गोडा मसाला जिभेवर ठेवून सांगते ना, धने इतके, खोबरे इतके, दगडफूल जरा जास्तच पडले! तसेच हे. हिरवे पान, वाळलेले लाकूड व पाचोळा, आणि उघडी माती यांवरून प्रकाश वेगवेगळ्या तऱ्हेने परततो. आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश तर फारच वेगळा. एका ठिपक्यातून आलेल्या प्रकाशावरून संगणक या तिघांचे प्रमाण काढतो. हिरवे घटले आणि वाळके व माती वाढली, की तिथे झाड पडल्याचा संशय घ्यावा.

ग्रेगरी अ‍ॅस्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅमेझॉनच्या पाच राज्यांची १९९९ ते २००२ या काळातली चित्रे अशी तपासली आणि २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. दर वर्षी १२,०७५ ते १९,८२३ चौरस किलोमीटर रानात अशी तोड होत होती. आपला अख्खा पुणे जिल्हा सुमारे १५,६०० चौरस किलोमीटरचा, म्हणजे पाहा!

पुढच्याच वर्षी त्यांनी त्या रानांचे पुढे काय झाले तेही सांगितले. तोड झालेल्या रानापैकी सुमारे १६ टक्के वर्षभरातच पुरते साफ झाले होते. कारण उघड आहे. लाकूडवाल्याने पाडलेला रस्ता पुढे येणाऱ्याला आयताच मिळतो. आणि छत फाटले की ऊन खाली पोहोचते, पाचोळा वाळतो, आग धरतो.

ढग आले की ही चित्रे निकामी. तिथे रडारचे उपग्रह कामी येतात. पण परवाना मात्र कुठल्याच चित्रात दिसत नाही. झाड कायद्याने पडले की चोरून, हे पाहायला कुणाला तरी चिखल तुडवीत त्या वाटेने जावे लागते, तेही ओंडका आरागिरणीत पोहोचण्याआधी.