डायलिसिसवरच्या बाईचं ताट
(कांजूरमार्ग पूर्व येथे महिला मंडळांच्या आरोग्य बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



किडनीच्या आजारावर बोला, पण डॉक्टरांसारखं नको, घरात काय शिजवायचं ते सांगा, असं तुमच्यातल्याच दोघीतिघींनी सुचवलं होतं. म्हणून थेट ताटापासून सुरुवात करते.

कांजूर, भांडुप, विक्रोळीहून आठवड्यातून दोनदा-तीनदा डायलिसिसला जाणारं माणूस आता नवलाचं राहिलेलं नाही. पहाटेची लोकल पकडायची, मुलुंड, घाटकोपर नाहीतर शीव गाठायचं, चार तास यंत्राला जोडून घ्यायचं, दुपारी गळून घरी यायचं. मधुमेह आणि रक्तदाब ही या आजाराची दोन मोठी कारणं. ती आपल्या सगळ्यांच्या घरात आहेत, त्यामुळे हा विषय परका नाही.

किडनी निकामी होत जाते तेव्हा डॉक्टर सांगतात, प्रथिनं कमी करा. डाळ कमी, अंडी-मासे कमी. त्या टप्प्यावर ते बरोबरच असतं, कारण प्रथिनांच्या पचनातून जी घाण तयार होते ती बाहेर टाकायला किडनीत ताकद उरलेली नसते. 50 किलो वजनाच्या बाईला तेव्हा दिवसाला 30 ते 40 ग्रॅम प्रथिनं पुरे असतात. पण एकदा का नियमित डायलिसिस सुरू झालं की हिशोब उलटा होतो. यंत्र रक्तातली घाण काढतं, आणि तिच्याबरोबर प्रथिनांचे घटकही वाहून जातात, एका वेळेला साधारण 6 ते 12 ग्रॅम. आता त्याच बाईला रोज 50 ते 60 ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे आधीच्या दीडपट, किंवा थोडी जास्तच.

हा बदल घरापर्यंत पोचत नाही. ‘डाळ बंद’ असं कोणीतरी दोन वर्षांपूर्वी सांगितलेलं असतं, ते तसंच चालू राहतं. शेजारीण सांगते, नणंद सांगते, गावाहून आलेली आत्या सांगते, आणि सगळ्याजणी ‘हे खाऊ नको’ एवढंच सांगतात. मग भात आणि पाणीदार भाजी यावर बाई दिवस काढते. दंड बारीक होतात, केस गळतात, जखम भरत नाही. पायाला सूज असते म्हणून वजनकाट्यावर काही कळत नाही. मांस झडतं आणि त्या जागी पाणी भरतं. डायलिसिसवर असताना ज्यांच्या रक्तातलं अल्ब्युमिन खाली गेलेलं असतं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त असतं, हे अमेरिकेत हजारो रुग्णांच्या तपासणीतून 1990 सालीच पुढे आलं होतं. अल्ब्युमिन नुसत्या उपासमारीनं उतरतं असं नाही, शरीरात कुठे जंतुसंसर्ग किंवा दाह असला तरी उतरतं. पण ते उतरलं की विचारायला हवं, आणि पहिला प्रश्न ‘तू जेवतेस किती?’ हाच हवा.

आता हाच प्रश्न बाई आणि पुरुष यांना वेगवेगळा लागू पडतो. नवरा डायलिसिसवर असला तर बायको त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक करते. अंडं त्याला, माशाची मधली तुकडी त्याला. तिची तब्येत कोण बघतं हा निराळाच विषय आहे, त्यात आज शिरत नाही. पण बाईच डायलिसिसवर असली तर? यंत्रावरून उठून घरी आल्यावर भाकऱ्या तीच थापते, सगळ्यांना वाढते, आणि उरलेल्यात बसते. ‘मला भूकच नाही’ असं ती म्हणते, आणि ते खरंही असतं. या आजारात तोंडाची चव जाते, मळमळतं. पण भूक नसलेला पुरुष असला की चार माणसं त्याच्याभोवती ताट घेऊन फिरतात. बाईचं ‘भूक नाही’ मात्र घराला सोयीचं वाटतं, एका तोंडाचा खर्च वाचतो. हे कडू आहे, पण बोललंच पाहिजे.

आणखी एक आकडा सांगते. 1995 ते 2021 या काळात देशात जिवंत दात्यांकडून झालेल्या अवयव प्रत्यारोपणांची सरकारी नोंद पाहिली तर अवयव मिळालेल्या दर पाचांमागे चार पुरुष आहेत. अवयव देणाऱ्यांत मात्र बायका जास्त, बायको आणि आई. नवी किडनी बाईच्या वाट्याला कमी येते, म्हणजे तिला यंत्रावरच दिवस काढायचे असतात. म्हणून तिच्या ताटाकडे जास्तच लक्ष हवं.

तर हिशोब करू. दिवसाला चार पोळ्या, दोन वाट्या भात, एक वाटी वरण, दोन कप चहातलं दूध. एवढ्यातून जेमतेम 25-26 ग्रॅम प्रथिनं होतात. एक अख्खं अंडं घातलं, 6 ग्रॅम. आणखी दोन अंड्यांचं पांढरं, 7 ग्रॅम. यात फॉस्फरस फार कमी, म्हणून ते या आजारात विशेष चांगलं. 100 ग्रॅम बांगडा किंवा कोंबडी, 18 ते 20. छोटी वाटी दही, 3. झाले 60. ज्या शाकाहारी आहेत त्यांना अवघड जातं. दही, पनीर, मूगडाळ, सोयाबीन यांवर भर द्यावा लागतो, आणि फॉस्फरसच्या गोळ्या जेवणाबरोबरच घ्याव्या लागतात. या गोळ्या जेवणानंतर दोन तासांनी घेतल्या तर उपयोग नाही, त्यांचं काम अन्नातच असतं. आणि भात-पोळी कमी करू नका. पोट रिकामं असलं तर शरीर तीच प्रथिनं सरपणासारखी जाळून टाकतं.

मिठाबद्दल या मिठागरांच्या गावात काय बोलावं! सुकट, सुके बोंबील, पापड, लोणचं आवरावंच लागेल, कारण मीठ गेलं की तहान, तहान लागली की पाणी, आणि पाणी फुफ्फुसात. सैंधव हेही मीठच आहे. बाजारात ‘कमी सोडियमचं’ म्हणून जे मीठ मिळतं ते तर अजिबात नको. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि या रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम वाढलं की हृदय बंद पडू शकतं. दोन डायलिसिसमधलं अंतर जितकं लांब तितका हा धोका जास्त.

आजारी माणसाला भेटायला जाताना आपण शहाळं नेतो. यांच्याकडे नेऊ नका. शाळेबाहेर गाडीवर तिखटमीठ लावून मिळणारं कमरख, पाच कोनांचं, स्टार फ्रूट म्हणतात ते, तेही कधीच नाही. त्यातल्या एका द्रव्यामुळे किडनीच्या रुग्णांना न थांबणारी उचकी, झटके आणि मृत्यूही आलेले आहेत. भाज्या, बटाटे बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकलं तर पोटॅशियम बरंच कमी होतं. किती आणि काय, हे मात्र रक्ताच्या रिपोर्टवरून ठरतं, माझ्या भाषणावरून ठरवू नका.

आणि उपास. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच; बटाटा, रताळं, शेंगदाणे पोटॅशियमनं भरलेले. हरितालिकेला निर्जळी राहून दुसऱ्या दिवशी तहान भागवणं म्हणजे तर संकटच. ज्यांच्या श्रद्धा आहेत त्यांनी पूजा करावी, पण या आजारात उपास सोडावा, आणि ते घरातल्या मोठ्या बाईनं बोलून दाखवावं. सून स्वतः बोलली तर ऐकून घेणार कोण? डायलिसिसच्या दिवशीही बायका पहाटे रिकाम्या पोटी निघतात. त्या दिवशी रुग्णांचं खाणं कमी होतं हे अभ्यासांतही दिसलंय. डबा बरोबर न्या. यंत्रावर असताना खाल्लं तर काहींचा रक्तदाब उतरतो, म्हणून केव्हा खायचं ते तिथल्या सिस्टरना विचारा.

पण अंडं, मासा आणायचा कुठून, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. डायलिसिसचा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतो. रेशनवर मिळतं ते मुख्यतः धान्य. क्षयरोग्याला पोषणासाठी केंद्र सरकार 2018 पासून दरमहा 500 रुपये देत होतं, नोव्हेंबर 2024 पासून 1000 केले. डायलिसिसच्या रुग्णांसाठी आंध्र प्रदेशात दरमहा 10 हजार रुपये पेन्शन आहे, तेलंगणानेही 2023 साली पेन्शन सुरू केली. हे मागणं महाराष्ट्रातही करता येईल, आणि ते मंडळांनीच करायला हवं; रुग्ण मोर्चाला येऊ शकत नाहीत. तोवर संजय गांधी निराधार योजनेत दुर्धर आजाराचं कलम आहे, त्याखाली तहसील कार्यालयात अर्ज करून पाहा, डॉक्टरांचा दाखला जोडून.

पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल त्यांनी शेवटचा रक्ताचा रिपोर्ट आणा. अल्ब्युमिन 4 च्या आसपास आहे का, साडेतीनच्या खाली गेलंय का, पोटॅशियम किती, हे आपण एकत्र वाचू, आणि डॉक्टरांना काय विचारायचं ते कागदावर लिहून देऊ. आता प्रश्न विचारा. मागे बसलेल्या मावशींचा हात केव्हाचा वर आहे.