मैदान कोणाचे, क्लब कोणाचा?

(युवक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. आयर्लंडमधील छोट्या फुटबॉल क्लबांशी आपला काय संबंध? पण खेळ हा केवळ करमणुकीचा प्रश्न आहे, अशी समजूत करून घेणे चूक ठरेल. जेथे हजारो माणसे दर आठवड्याला एकत्र येतात, तेथे जमिनीचा, पैशाचा आणि मालकीचा प्रश्न उभा राहतोच. तो आयर्लंडमध्ये कसा उभा राहिला आणि तेथील सामान्य प्रेक्षकांनी तो कसा हाताळला, हे आपण पाहू.

प्रथम परिस्थिती लक्षात घ्या. आयर्लंडच्या प्रजासत्ताकाची लोकसंख्या पन्नास लाखांहून थोडी अधिक आहे. तेथील फुटबॉल लीगला दोन बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांशी सामना करावा लागतो. एक म्हणजे गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे देशी खेळ. त्यांची हौशी संघटना गावोगावी रुजलेली आहे. दुसरा प्रतिस्पर्धी म्हणजे इंग्लंडची श्रीमंत लीग. तिचे सामने दूरचित्रवाणीवर घरोघरी दिसतात, आणि शनिवार-रविवारी लिव्हरपूल वा मँचेस्टर गाठणारे आयरिश शौकीनही कमी नाहीत. शिवाय होतकरू मुले पंधराव्या-सोळाव्या वर्षीच इंग्लंडला जात. म्हणजे इंग्लंडच्या बाजारपेठेने आयरिश क्लबांचा प्रेक्षकही नेला आणि खेळाडूही नेला. अशा स्थितीत छोटा क्लब तगतो कसा?

पहिला प्रश्न मैदानाचा. डब्लिनच्या शॅमरॉक रोव्हर्सने १९८४ ते १९८७ अशी सलग चार वर्षे लीग जिंकली. आणि त्याच १९८७ साली क्लबच्या मालक कुटुंबाने मिलटाउन येथील मैदान विक्रीस काढले! समर्थकांनी आंदोलन उभारले, नव्या तात्पुरत्या मैदानावरील सामन्यांवर बहिष्कार घातला. तरीही मैदान गेले आणि तेथे घरे उभी राहिली. मैदानावरील विजय आणि मैदानाची मालकी ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा कटू धडा त्या लोकांना मिळाला. पुढे बावीस वर्षे हा क्लब दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळत राहिला. २००५ साली तो कर्जात बुडाला, न्यायालयाच्या संरक्षणाखाली गेला आणि इतिहासात प्रथमच खालच्या विभागात घसरला. त्या वेळी समर्थकांच्या संघटनेने क्लब ताब्यात घेतला. २००९ साली टॅला उपनगरात स्थानिक कौन्सिलच्या मालकीचे स्टेडियम त्याला मिळाले. २०१० साली क्लबने पुन्हा लीग जिंकली आणि २०११ साली युरोपा लीगच्या गटफेरीत पोहोचणारा तो पहिला आयरिश क्लब ठरला.

बोहेमियन क्लबची कथाही अशीच उद्बोधक आहे. १८९० साली स्थापन झालेला हा क्लब सभासदांच्याच मालकीचा आहे आणि १९०१ पासून तो डॅलीमाउंट पार्कवर खेळतो. जमिनीचे भाव आकाशाला भिडले तेव्हा त्याच्या चालकांनी मैदान एका बांधकाम व्यावसायिकाला विकण्याचा करार केला. येऊ घातलेल्या पैशाच्या भरवशावर खर्च वाढला. २००८ आणि २००९ साली लीग जिंकलीही. पण घरबांधणीचा फुगा फुटला, सौदा कोसळला आणि क्लब दिवाळखोरीच्या काठावर आला. अखेर २०१५ साली डब्लिन नगरपालिकेने ते मैदान ३८ लाख युरोंना विकत घेतले. सार्वजनिक मालकीमुळे मैदान सट्टेबाजांच्या हातून सुटले.

दुसरा प्रश्न हिशेबाचा. युरोपीय स्पर्धेत एकदोन फेऱ्या जिंकल्या तर छोट्या क्लबला वर्षभराच्या तिकीटविक्रीपेक्षा अधिक पैसा मिळू शकतो. ह्या आशेने अनेकांनी ऐपतीबाहेर वेतने दिली. शेलबर्न २००६ साली लीगचा विजेता ठरला, आणि आर्थिक दुरवस्थेमुळे पुढच्याच वर्षी त्याला खालच्या विभागात पाठविण्यात आले. कॉर्क सिटीची कंपनी फेब्रुवारी २०१० मध्ये न्यायालयाच्या आदेशाने गुंडाळली गेली. ह्या संकटाची चाहूल लागलेल्या समर्थकांनी आधीच आपला न्यास उभारला होता. त्या न्यासाने काही दिवसांत संघ उभा करून तो खालच्या विभागात उतरविला. तिकीट, वर्गणी, साप्ताहिक सोडत, स्थानिक दुकानदारांच्या जाहिराती आणि फुकट राबणारे स्वयंसेवक, एवढ्या भांडवलावर त्यांनी सुरुवात केली. २०११ साली तो संघ वर चढला आणि २०१७ साली त्याने लीग व चषक दोन्ही जिंकले.

तिसरा प्रश्न लोकांशी असलेल्या नात्याचा. २००३ साली लीगने हिवाळ्याऐवजी वसंतापासून शरदापर्यंतचा हंगाम स्वीकारला. कामावरून सुटलेल्या माणसाला शुक्रवारी संध्याकाळी मुलाबाळांसह पायी मैदानावर जाता येऊ लागले. पण वेळापत्रक बदलल्याने नाते आपोआप जडत नाही. स्लायगो ह्या लहानशा गावात क्लब ही गावाचीच ठेव मानली जाते. २०१२ साली त्याने लीगचे अजिंक्यपद मिळविले, ते अशा आधारावर. बोहेमियनने तर आपल्या परिसराचे प्रश्न क्लबचे मानले. २०२० साली त्यांनी निर्वासितांचे स्वागत करणारा मजकूर आपल्या जर्सीवर छापला. मे २०२४ मध्ये पॅलेस्टाईनच्या महिला संघाचे त्यांनी डॅलीमाउंटवर यजमानपद केले. अशा जर्सी देशोदेशी खपतात आणि क्लबची तिजोरीही भरतात. ह्या मैदानावर आपले काही आहे, असे तरुणांना वाटू लागले, हे त्याहून मोलाचे. १६ फेब्रुवारी २०२५ रोजी बोहेमियन आणि शॅमरॉक रोव्हर्स यांचा सामना डब्लिनच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये झाला, तेव्हा ३३,२०८ प्रेक्षक उपस्थित होते. लीगच्या सामन्यासाठी हा विक्रम आहे.

खेळाडूंच्या बाबतीतही फरक पडला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे २०२१ पासून अठरा वर्षांखालील आयरिश मुलांना इंग्लंडमधील क्लब करारबद्ध करू शकत नाहीत. मुले घरच्या मैदानावर घडू लागली आणि पुढे गेली तरी क्लबच्या पदरात चांगली रक्कम पडते.

परंतु कॉम्रेड्स, ह्यावरून भाबडा निष्कर्ष काढू नका. सभासदांची मालकी हा काही मंत्र नव्हे. मैदान विकण्याचा करार बोहेमियनच्या सभासदांच्या काळातच झाला, हे विसरता येणार नाही. कॉर्कच्या सभासदांनी तर दशकभर क्लब चालविला. पण वर चढल्यावर खर्च वाढला, संघ पुन्हा घसरला आणि शेवटी बहुमताने त्यांनीच क्लब एका खाजगी मालकाच्या स्वाधीन केला. शॅमरॉक रोव्हर्सच्या सभासदांनीही भांडवलासाठी निम्मा हिस्सा दोन धनिकांना दिला. त्यांना दोष देणे सोपे आहे; त्यांची अडचण समजून घेणे अधिक गरजेचे आहे.

मात्र खाजगी भांडवलाचीही किंमत मोजावी लागते. ड्रॉहेडा युनायटेडने २०२४ साली चषक जिंकून युरोपात खेळण्याचा हक्क मिळविला. पण त्याच्या अमेरिकी मालकांकडे डेन्मार्कमधील एक क्लबही होता आणि एकाच मालकाचे दोन संघ एका स्पर्धेत उतरू शकत नाहीत. २०२५ साली ड्रॉहेडाला स्पर्धेबाहेर ठेवण्यात आले. चषक खेळाडूंनी जिंकला, टाळ्या गावाने वाजविल्या आणि हक्क मात्र मालकाच्या व्यवहारात गेला.

तात्पर्य एवढेच. मैदान सार्वजनिक असावे, म्हणजे ते कोणाला विकता येणार नाही. खर्च आवाक्यात असावा, म्हणजे सावकाराचे दार ठोठवावे लागणार नाही. आणि सभासद हा नुसता वर्गणीदार नसावा. सभेला येणारा, हिशेब मागणारा, सामन्याच्या दिवशी फाटकावर उभा राहणारा असावा. एक सभासद, एक मत हा नियम सहकारी संस्थांमुळे आपल्याला चांगला परिचित आहे. ते मत वापरले नाही तर काय होते, हेही आपल्याला परिचित आहे. ज्या संस्थेचे सभासद जागे असतात तीच संस्था त्यांची राहते. आयर्लंडच्या ह्या छोट्या मैदानांनी हेच सिद्ध केले आहे.

आता आपण प्रश्न विचारावेत.